मालतीकाकीची घरं

शनिवार, ९ नोव्हेंबर

उज्वला मॅडमने आज वर्गात सांगितलं, रोज घरी जाऊन लिहायचं. काय शिकलो, काय चुकलं. मी विचारलं, तपासणार का? म्हणाली, नाही, तुमचं तुमच्याजवळच ठेवा. तपासणार नाही तर लिहायचं कशाला, असं मी म्हटलं तर बाकीच्या बायका हसल्या. चौथीनंतर मी पेन धरलं ते फक्त सह्या करायला. बोटं दुखतात. तरी लिहितेय, कारण निशिगंधा समोर बसून बघतेय.

तिनेच माझं नाव घातलं बायकांना धंदा शिकवणाऱ्या या वर्गात. पोरगी कॉलेजात धंद्याचंच शिकते. म्हणते, "आई, तू इतकी वर्षं मासळी विकतेस, पण धंदा नाही करत." मी म्हटलं, मग तुझी फी कोणी भरली, शेजाऱ्यांनी?

वर्ग बेलापूरला, शनिवारी दुपारी. पापडवाल्या, शिवणवाल्या, एक पार्लरवाली. मासळीवाली मी एकटी. माझ्या बाजूची खुर्ची रिकामी राहते. राहू दे, पाय पसरता येतात. मधल्या दिवसांत फोनवर व्हिडिओ बघायचे आणि शनिवारी त्यावर बोलायचं. मॅडम म्हणाली, व्हिडिओ म्हणजे ताटातलं लोणचं, जेवण इथे आहे. बघू.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

पहिला व्हिडिओ बघितला. निळ्या कोटातला एक माणूस आहे. दाढी कोरलेली, दात पांढरेशुभ्र. "सांगा, तुमचा ग्राहक कोण?" असं विचारतो आणि थांबून हसतो. मी सांगितलं, बेलापूरच्या ऑफिसातल्या बाया, संध्याकाळी घरी जाताना मार्केटात माझ्या ओट्यावर थांबतात. तो ऐकतच नाही, आपला पुढे बोलत सुटला. निशी हसून लोळली. "आई, ते रेकॉर्ड केलेलं आहे." मला काय माहीत नाही? पण विचारतोस तर ऐकून तरी घे.

मालतीकाकी बसायला आली होती. दोन घरं सोडून राहते. माझ्या सासूची मैत्रीण. मी लग्न होऊन दिवाळे गावात आले तेव्हा सासू तापट, ती ओरडायची आणि काकी शिकवायची. कोलंबी हातात घेऊन ताजी-शिळी कशी कळते, बोंबील कसा साफ करायचा, सगळं तिचं. नवरा जाऊन वर्षं झाली. मुलगा दिपेश बदलापूरला बायकोच्या माहेराजवळ राहतो आणि गणपतीला तोंड दाखवतो. काकी गुडघे धरून अजून पाटी घेऊन बसने नेरूळला जाते, कारण तिकडे तिची घरं आहेत.

आम्ही गिऱ्हाईक म्हणत नाही, घरं म्हणतो. दारोदार फिरणाऱ्या बाईची घरं ठरलेली असतात. दुसरीच्या घरातून कोणी हाक मारली तरी पाटी उतरवायची नाही. "तुमची बाई येईल" म्हणायचं आणि पुढे जायचं. म्हातारी झाली की सुनेला बरोबर घेऊन दारोदार जायचं आणि सांगायचं, आता ही येईल. माझ्या सासूने कधी घरं केली नाहीत, आमचा मार्केटात ओटा आहे. काकीला मात्र ओटा नाही, सून नावाला. ती घरं गेली तर तिला खायचे वांधे. हे दिवाळ्यात कोणालाही विचारा.

निशीने वही काढली. "काकी, तुझ्या घरांची नावं सांग ना. माझ्या प्रोजेक्टला होतील."

"नावं कोन ठेवतंय गो? तुळशीवाली, मांजरवाली, जुळ्यांची आय, पोथीवालं बाबा."

"आणि पत्ता?"

"बशीतना उतरलं का डाव्या हाताला."

शनिवार, १६ नोव्हेंबर

वर्गात आज वेळ फुकट गेला. मॅडमने प्रत्येकीला उभं करून विचारलं. वैष्णवी म्हणून शिरवण्याची पापडवाली आहे, ती नणंदेचं सांगता सांगता रडायलाच लागली. अर्धा तास तिची समजूत. धंद्याचा वर्ग आहे का सासुरवाशिणींचा? व्हिडिओ बरा. रडत नाही, रडवत नाही. निशीने दाखवलं, तो जोरात पळवताही येतो. निळा कोट चिमणीसारखा बोलतो, पण कळतं.

रविवार, १७ नोव्हेंबर

दुसरा व्हिडिओ, ग्राहकापर्यंत पोहोचा. तुमचं दुकान लहान आहे, पण तुमचा फोन लहान नाही, असं म्हणाला. हे मला पटलं. ओट्यावर बसून मी माश्या हाकलते आणि लोक तिकडे घरात बसून मोबाईलवरून मासे मागवतात, ते काय दर्याने पाठवलेले असतात?

निशीने लगेच ग्रुप काढला. ‘भागीरथीची ताजी मासळी, साफ करून, घरपोच.’ माझा फोटो टाकला, कोयता हातात घेतलेला. मी म्हटलं, लोक घाबरतील. तिची एक मैत्रीण नेरूळच्या मोठ्या सोसायटीत राहते, तिने तिकडच्या बायकांना पाठवला, त्यांनी आणखी पुढे. पोपट रिक्षावाला पिशव्या नेऊन गेटवर वॉचमनकडे देणार. मला कुठे जायला नको, कोणाशी घासाघीस नको. माझ्यासारखीला हेच बरं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

हात थांबला नाही चार दिवस, म्हणून लिहिलं नाही. इतक्या ऑर्डरी! सकाळी उठून बघते तर फोन भरलेला. निशी वाचते, मी कापते. बी तीनशे दोनला मांदेली, डोकी टाकू नका, वेगळ्या पिशवीत द्या. ए अकराशे चारला पापलेट, तुकडे तिरपे. सी सातशे एकला कोलंबी, दोन सारखे वाटे करून, पोरं भांडतात. मी म्हटलं, काय एकेकाची तऱ्हा. पण गोड वाटलं. पहिल्यांदा असं वाटलं की कोणी मला शोधत आलंय.

संध्याकाळी काकी दिसली बसस्टॉपवर. पाटी अर्धी भरलेली परत आणली होती. म्हणाली, घरं बंद हायत. कोणी गावाला गेलं असेल, मी म्हटलं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

वर्गाला गेले नाही. ऑर्डरी होत्या. व्हिडिओ सगळे बघून झाले माझे, शेवटचासुद्धा. मॅडमचा फोन आला, उचलला नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

काकी आली. मी तिला चहा दिला आणि फोन दाखवला. म्हटलं, काकी, हे बघ, तू पन कर असं. बसचे धक्के खात कशाला फिरतेस? तिने निळ्या कोटाकडे बघितलं बराच वेळ.

"यो कोनाचा पोऱ्या?"

"धंदा शिकवतो."

"याने विकली काय गो कवा मासळी?"

मग मी तिला माझी आजची ऑर्डर वाचून दाखवली. खोटं कशाला लिहू, मिरवायचं होतं. तीनशे दोन, अकराशे चार, सातशे एक, सगळी लाईन वाचली. म्हटलं, एक बाई तर डोकीसुद्धा मागून घेते. काकी ऐकत राहिली. तिला विचारलं, तुझी मासळी परत का येते, बर्फ कमी घालतेस का? तोंडावर बोलले, हो. शिळी वाटली तर लोक दार उघडणार नाहीत.

"बरा झाला गो बाय," एवढंच म्हणाली आणि उठली. चहा तसाच ठेवला. म्हाताऱ्या माणसांचं काय, खरं बोललं की रुसतात.

शनिवार, ३० नोव्हेंबर

आजही वर्ग चुकवला. संध्याकाळी वैष्णवीचा फोन. ही बया मला का फोन करते कळत नाही. म्हणाली, "ताई, आज तुम्ही पाहिजे होतात. वर्गात भांडणच लागलं. मॅडम म्हणाल्या, व्हिडिओत सांगतात नवीन गिऱ्हाईक मिळवा, पण गिऱ्हाईक आभाळातून पडत नाही. तुमच्याकडे आलं ते आधी कोणाकडे जात होतं, ते विचारून या. मी विचारलं तर माझी निम्मी गिऱ्हाइकं माझ्या नणंदेचीच निघाली."

मी म्हटलं, मग आता रडणार काय परत? हसली बिचारी. असले रिकामे प्रश्न. माझी गिऱ्हाइकं आधी मोबाईलवरून मागवत होती, आणखी कुठून येणार?

काकी त्या दिवसापासून आलेली नाही. सकाळी पाटी घेऊन जाताना दिसते. माझ्या दारावरून जाताना मान खाली.

मंगळवार, ३ डिसेंबर

कसं लिहू कळत नाही.

पोपट साताऱ्याला गावी गेलाय. काल मार्गशीर्ष लागला, ऑर्डरी कमी होत्या, म्हटलं आपणच जाऊ बसने. बसमधून उतरले तर सोसायटी डाव्या हाताला. तरी डोक्यात काही आलं नाही. वॉचमन म्हणाला, पिशवी इथे ठेवू नका, साहेब ओरडतात, वर जाऊन द्या. गेले वर. बी विंग, तिसरा माळा. दार उघडलं आणि पायात मांजर आली. पांढरी, जाडजूड. पिशवीला तोंड लावून ओरडायला लागली.

बाई चांगली होती हो. वाईट असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "अय्या, तुम्ही भागीरथीताई ना? फोटोवरून ओळखलं. दिवाळ्याच्याच ना तुम्ही? मग आमच्या मालतीबाई कशा आहेत? परवा आल्या होत्या, बेल वाजवली. मी दारच उघडलं नाही. फ्रीज तुमच्या मासळीने भरलेला, काय तोंड दाखवणार? दाराच्या भिंगातून बघत उभी राहिले, त्या जाईपर्यंत. लाज वाटली हो."

पिशवी तिच्या हातात दिली आणि लिफ्टकडे वळले. अकराशे चारला दाराबाहेर तुळस. पाणी घातलेलं, हळदकुंकू लावलेलं. पिशवी कडीला अडकवली, बेल वाजवली नाही. सातशे एकला गेलेच नाही. आतून दोन पोरं भांडत असणार, ते ऐकायला कशाला जाऊ? कोलंबी घेऊन घरी आले.

जिला मी म्हटलं तुझी मासळी शिळी असेल.

बुधवार, ४ डिसेंबर

काकीकडे गेले. बरोबर जिताडा नेला, ह्यांनी खाडीतून आणलेला. माफी मागायला गेले आणि भांडून आले, माझं तोंडच तसं आहे.

"तू मना सांगलंस का नाय?" मी म्हटलं. "आठवडाभर दारावरून जातंस, तोंड नाय उघडाचं?"

ती जवळा निवडत होती. मान वर केली नाही. "तू वाचून दाखवलंस, तवाच कललं. तीनशे दोन, अकराशे चार. मना वाचता येत नाय, पन लिफ्टमधी आकडा दाबते ना मी रोज? दारावरचा आकडा बघते ना?"

"मंग तवाच चहा तोंडावर मारायचास माझ्या."

"तू हसत होतीस गो भागी. कवा हसतंस तू?"

मला आणखी राग आला. कोणावर ते माहीत नाही. म्हटलं, मी परत देईन तुझी घरं. ती म्हणाली, "घरं काय टोप हायत, नेला आनि परत दिला?" जिताडा तिने घेतला नाही. शिलं खायला मांजर नाय माझ्याकडं, म्हणाली.

गुरुवार, ५ डिसेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. मासळीचं नाव नाही. दिवसभर निशीशी भांडण.

"आई, याला कॉम्पिटिशन म्हणतात. तू काही चोरी नाही केलीस."

"तुझ्या कॉलेजात म्हणतात. दिवाळ्यात चोरी म्हणतात."

"त्या बायकांना तू आवडलीस म्हणून आल्या ना?"

"मी आवडले नाही, दारात घासाघीस करावी लागली नाही हे आवडलं."

मग ती रडली. म्हणाली, मी तुझ्यासाठीच केलं. ते खरं आहे. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला हवा होता. लिहायला सोपं.

रात्रीच्या जेवणाआधी तिच्याकडून ग्रुपवर लिहून घेतलं. नेरूळच्या या सोसायटीच्या ऑर्डरी आजपासून बंद, तुमच्या मालतीबाई येतात, त्यांच्याकडून घ्या. तिने लिहिलं. खाली अंगठे येत राहिले. बरं वाटलं. झालं एकदाचं.

मंगळवार, १० डिसेंबर

नाही झालं.

काकी रविवारी गेली, पाटी भरलेली परत. आजही तसंच. निशीने मैत्रिणीला विचारलं. त्या बायका आता कंपनीच्या ॲपवरून मागवतात. बर्फाच्या डब्यात, कागद लावून, लाल टोपीवाला पोरगा आणून देतो. एकदा दारात बसून निवडायची सवय गेली, घासाघीस गेली, की परत येत नाही माणूस. मी तिच्याकडून घेतलं, आणि माझ्याकडून टाकून दिलं. तिलाही नाही, मलाही नाही.

शेवटचा व्हिडिओ पुन्हा लावला. हळू लावला, पळवला नाही. म्हटलं, मी काही चुकवलं असेल. निळा कोट हसून म्हणाला, अभिनंदन, आता तुम्ही तयार आहात. मी त्याला विचारलं. माहीत आहे तो ऐकत नाही. तरी विचारलं.

शनिवार, १४ डिसेंबर

वर्गाचा शेवटचा दिवस. गेले. सगळ्या नटून आलेल्या, सर्टिफिकेट होतं ना. प्रत्येकीने बोलायचं होतं, धंदा कसा वाढला. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून म्हटलं, मला बोलायचं नाही, विचारायचंय. घेतलेलं गिऱ्हाईक परत कसं करायचं?

आणि सगळं सांगितलं. मांजरीपासून.

कोणी हसलं नाही. मॅडम फळ्याला टेकून उभी होती. हातातली सर्टिफिकेटं टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मला माहीत नाही, भागीरथीताई." एवढं शिकलेली बाई. मला वाटलं होतं राग येईल. आला नाही. निदान तिने ऐकून घेतलं. वैष्णवी माझ्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसली आणि माझी पिशवी मांडीवर घेतली. पापडाचा वास येतो तिच्या अंगाला. माझ्या अंगाला कसला येतो ते तिला कळत असेलच.

बुधवार, १८ डिसेंबर

सकाळी दार वाजलं. बघते तर काकी. हिरवं नऊवारी, लग्नाकार्यातलं. केसात अबोली. डोक्यावर पाटी नाही, हातात धरलेली.

"चल."

"कुठं?"

"घरं दाखवतंय. गुरवारच्या आदी उरकू."

मी म्हटलं, मना नको तुझी घरं, मी सोडली. तशी चिडली. इतक्या वर्षांत मी तिला चिडलेली बघितली नव्हती.

"तू सोडलीस तं कोनला गेली? त्या लाल टोपीला! घर रिकामा ठेवाचा नसते गो. मना आता फिराचा होत नाय. सून नाय येत माझी. मंग कोनला देऊ? तू चोरून घेतलंस, ता मी कुनाला सांगू? मी तुला देते, तं ती माझी देनगी. मंग चोरी नाय राहली. समजला?"

मी भरलेली पाटी घेतली. दुसरं काय करणार होते?

बसने गेलो. सोसायटीत शिरलो. वॉचमनने तिला सलाम केला, मला ओळखून दुसरीकडे बघितलं. काकीने लिफ्टमध्ये तीन दाबला.

मांजरवालीने दार उघडलं. आम्हा दोघींना बघून तिचा चेहरा उतरला. काकी हसून म्हणाली, "बाई, आता मी थकले. ही भागी. माझी सून समजा. आता ही येईल." बाई माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. दोन आठवड्यांपूर्वी याच दारात आम्ही बोललेलो. मग ती म्हणाली, "हो का? नमस्कार. नाव काय म्हणालात?" मी म्हटलं, भागीरथी. काकीला सगळं कळत होतं. तिने पदराने मांजरीचं डोकं पुसलं आणि म्हणाली, डोकी वेगळी देत जा गो हिला, इसरू नको.

असं प्रत्येक दारात. तुळशीवालीने आत नेऊन काकीची ओटी भरली. जुळ्यांच्या आईने पोरांना पाया पडायला लावलं. सगळ्यांच्या फोनमध्ये माझा फोटो आहे, आणि सगळ्या मला नाव विचारत होत्या. मार्गशीर्ष म्हणून कोणी मासळी घेतली नाही, पण सरल्यावर या म्हणाल्या. येतील का, माहीत नाही. काहीजणी डोळ्यांतून पाणी काढत होत्या. मी पाटी धरून मागे उभी. 

शेवटी तळमजल्यावर पोथीवाल्या बाबांचं दार. मी पाटी घेऊन पुढे झाले. काकीने हात आडवा घातला.

"यो नाय. यो घर माझा."

आत गेली. दार उघडंच होतं. म्हातारा एकटाच, फोन नाही, काही नाही. त्याने काकीला बसायला स्टूल दिलं, स्वतः चहा ठेवायला उठला. तो पोथी वाचतो आणि ती ऐकते, असं दिसलं. मासळी तर तो महिनाभर खाणारच नाही. मी बाहेर पायरीवर बसून राहिले. काकीचं हसणं ऐकू आलं आतून. दोनदा.

परत निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बसस्टॉपच्या अलीकडे दुसरी बिल्डिंग आहे, जुनी, लिफ्टशिवायची. तिच्या वरच्या खिडकीतून कोणीतरी हाक मारली, "ओ मासेवाल्या बाई! काय आहे आज?"

पाटी भरलेली होती. काकी माझ्याकडे बघत उभी राहिली. 

मी मान वर करून ओरडले, "तुमची बाई येईल!"

चार पावलं पुढे गेल्यावर काकी म्हणाली, "त्या बिल्डिंगला बाई नाय गो. सारसोळ्याची येत होती, ती मेली. पाच वर्सा झाली."

मी थांबले. काकीने माझ्या डोक्यावरची पाटी दोन्ही हातांनी सरळ केली.

"पन बोललीस ता बरा केलंस," ती म्हणाली. "आता जा. उतरव."